एकाच मातीचे दोन आकडे

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि या महाविद्यालयाच्या प्राचार्य आदरणीय डॉ. रागिणीताई निंभोरकर, व्यासपीठावर विराजमान असलेले, परीक्षा विभाग ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने सरळ व्हायचा ते माननीय वामनराव ढोके साहेब, ज्यांच्यासाठी आपण सारे या उकाड्यात घरचा कूलर सोडून आलो त्या आमच्या सत्कारमूर्ती प्राध्यापक मंजुषाताई पोहोकार, त्यांचे कुटुंबीय, स्थापत्य विभागातील सहकारी, प्रयोगशाळेतली मंडळी, सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून इथवर आलेले आमचे अकोलेकर, आणि आजी-माजी विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या शालूताईंनी माझी ओळख करून देताना सांगितलं, "अकोल्याचे धर्मेंद्र इंगोले सर आता दहा मिनिटं बोलतील." यातलं अकोल्याचं खरं आहे. दहा मिनिटांबद्दल मी शालूताईंच्या आशावादाचा आदर करतो.

आणखी एक खुलासा आधीच करतो. या मेजावर, हारांच्या शेजारी, फडक्याखाली काहीतरी झाकून ठेवलं आहे. पहिल्या रांगेतले दोन ज्येष्ठ मघापासून माझ्याकडे न बघता त्या फडक्याकडेच बघत आहेत. त्यातल्या एकांनी मी वर येताना मला हळूच विचारलंसुद्धा, "समई हाये काय?" समई नाही. काय आहे ते मी शेवटी सांगणार आहे. तोवर आपलं कुतूहल जागं राहिलं, तर माझं भाषण आपोआप ऐकलं जाईल, एवढाच त्यामागे माझा स्वार्थ.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी मंजुषाताईंच्या वक्तशीरपणाबद्दल सांगितलं, शिस्तीबद्दल सांगितलं, त्यांच्या हाताखालून गेलेल्या पिढ्यांबद्दल सांगितलं. ते सारं खरं आहे आणि मी त्यात भर घालणार नाही. मला त्यांच्या एकाच सवयीबद्दल बोलायचं आहे. ती सवय अशी, की ताई प्रश्न विचारतात आणि मग गप्प बसतात. आपण शिक्षक मंडळी प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच देऊन टाकतो. वर्गातली शांतता आपल्याला सोसत नाही. ताईंना सोसते. आता ही सवय साधी वाटेल, पण तिच्यामुळे दोन मुलींचं एक वर्ष कसं वाचलं, ते मी पाहिलं आहे. त्या दोघी आज समोर बसल्या आहेत. त्यांना विचारूनच ही हकीकत सांगतो.

तर ऐका. काही वर्षांपूर्वी तुमचं हे अमरावतीचं महाविद्यालय आणि अकोल्याचं आमचं नवं, छोटं, मोर्णेकाठचं खाजगी विद्यापीठ, यांनी मिळून एक प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम सुरू केला. कल्पना मंजुषाताईंची. एक विद्यार्थी अमरावतीचा, एक अकोल्याचा, अशी जोडी लावायची. दोघांनी मिळून एकच प्रयोग करायचा, पण आपापल्या प्रयोगशाळेत. भेट नाही, ओळख नाही. फोनवर बोलायचं, आकडे ताडून बघायचे आणि अहवाल आपापल्या ठिकाणी द्यायचा. उद्या नोकरीत गेल्यावर पूल एकाने आखायचा, माती दुसऱ्याने तपासायची, सळई तिसऱ्याने मोजायची, आणि तिघांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नसतात. मग कॉलेजातच सवय का नको? दोन संस्थांच्या दोन वेगळ्या वेळापत्रकांची सांगड घालताना आमच्या डोक्याचं काय झालं, तो या भाषणाचा विषय नाही.

या अभ्यासक्रमात ताईंनी एक नियम घातला होता. तोंडी परीक्षा आपण केलेल्या कामावर नाही. जोडीदाराने केलेल्या कामावर. अमरावतीच्या मुलाने अकोल्याच्या कामाचं सांगायचं, अकोल्याच्या मुलीने अमरावतीच्या कामाचं. यावर पहिल्या वर्षी मोठा गदारोळ झाला. एक विद्यार्थी तर म्हणाला, "मॅडम, दुसऱ्याच्या लग्नात आमी नाचतो, ते ठीक हाये. पण दुसऱ्याच्या प्रयोगाचा पेपर आमी काहून द्यायचा?"

ताई म्हणाल्या, "आपलं केलेलं त सारेच सांगते रे. दुसऱ्याचं समजून घेतलं काय, ते मले पाह्यचं हाये."

आणि मग गप्प. तो विद्यार्थी थोडा वेळ उभा राहिला आणि बसला. आज तो कुठेतरी मोठ्या धरणावर आहे म्हणे. तिथेही असाच प्रश्न विचारत असेल.

आता प्रयोग काय होता, ते सांगायला हवं. सभागृहात स्थापत्यवाले नसलेलेही बरेच आहेत, त्यांनी घाबरू नये. आपली काळी माती तुम्हा सर्वांच्या ओळखीची आहे. पाणी मिळालं की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर घर बांधलं तर भिंतीला तडा कधी देईल याचा भरवसा नाही. ती किती फुगते, हे मोजायची रीत फार साधी आहे. काचेची दोन उभी नळकांडी घ्यायची, आकडे कोरलेली. दोन्हींत सारखीच, वाळवून चाळलेली माती टाकायची. एकात पाणी भरायचं, दुसऱ्यात केरोसीन. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, ती गप्प बसून राहते. पाण्यातली फुगते. एक दिवस ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पाण्यातली माती किती वर चढली, ते वाचायचं. झाला प्रयोग. आमच्याकडे यापेक्षा सोपा प्रयोग नाही. म्हणूनच तो चुकला की कोणाला तोंड दाखवता येत नाही.

त्या वर्षीच्या जोड्यांत एक जोडी होती मिस्बाह आणि रश्मी. मिस्बाह ताहेर शेख, चांदूर बाजारची, शिकायला इथे अमरावतीत. रश्मी खंडारे, अकोल्याची, आमच्याकडे. दोघी शेवटच्या वर्षाला. माती आणायची जबाबदारी मिस्बाहवर. ती नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका वावरात गेली, स्वतः खोदून माती काढली, वाळवली, चाळली, निम्मी स्वतःकडे ठेवली आणि निम्मी पिशवीत बांधून अकोल्याला पाठवली. म्हणजे माती एकच. रीत एकच. नळकांडीही एकाच मापाची. आकडा एकच यायला हवा की नको?

मिस्बाहचा आला तेवीस. रश्मीचा आला एकोणीस.

संध्याकाळी दोघी फोनवर बोलल्या. हे संभाषण मला नंतर दोघींनी वेगवेगळं सांगितलं आणि दोन्ही वेळा अगदी सारखंच सांगितलं, म्हणून ते खरं धरायला हरकत नाही.

"माझं तेवीस आलं," मिस्बाह म्हणाली.

"माझं एकोणीस," रश्मी म्हणाली.

"बरं."

"बरं."

"जेवली काय?"

"हो. तू?"

"हो."

आणि फोन ठेवला.

मित्रहो, वऱ्हाडी माणूस तोंडावर बोलतो अशी आपली ख्याती आहे. पुण्याच्या पाहुण्याला आपलं साधं बोलणं भांडण वाटतं. पण यजमानाची भाजी खारट झाली, तर आपल्यातला कोणता पाहुणा तसं म्हणतो? बोटं चाटून खातो आणि वर "आणखी वाढा" म्हणतो. या दोघी एकमेकींच्या पाहुण्या होत्या. कधी न भेटलेल्या. आणि त्या रीतसर, आपापल्या घरच्या संस्काराला जागून वागल्या.

पुढे तोंडी परीक्षा आली. दोन्ही संस्थांचे बंद अहवाल त्या दिवशी पहिल्यांदा एका टेबलावर आले. मिस्बाह समोर बसलेली, रश्मी अकोल्याहून पडद्यावर. बाहेरचे परीक्षक म्हणून वामनराव साहेब.

ताईंनी मिस्बाहला विचारलं, "रश्मीच्या नळकांड्यात किती आलं?"

"एकोणीस, मॅडम."

रश्मीच्या अहवालात लिहिलं होतं तेवीस.

मग पडद्यावरच्या रश्मीला विचारलं, "मिस्बाहचा आकडा किती?"

"तेवीस, मॅडम."

मिस्बाहच्या अहवालात लिहिलं होतं एकोणीस.

वामनरावांनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले. चष्मा वर केला, खाली केला. हिच्याकडे तिचा आकडा, तिच्याकडे हिचा! साहेब, मी आपला आदर राखूनच सांगतो, पण त्या वेळी आपण जे म्हणालात ते आमच्या विभागात आजही म्हणीसारखं वापरतात. साहेब म्हणाले, "कॉपी करायची त दोन्हीकडं एकच आकडा लिवा नं! एवढी सादी कॉपी जमत नाही आन् म्हणे इंजिनियर व्हायचं."

सभागृहात हशा पिकला, साहेबही हसत आहेत. त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं. कारण कॉपीचा शेरा बसला की नियम स्पष्ट होता. पूर्ण सत्र रद्द. शेवटच्या वर्षाला सत्र रद्द म्हणजे वर्ष गेलं. रश्मीची एका कंपनीत निवड झालेली होती. निकाल वेळेवर हातात नसेल तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. मिस्बाहला पुढे शिकायचं होतं, अर्ज भरलेला होता. आणि आमच्या दोन संस्थांच्या या नव्या संसाराकडे "पाहू, कितीक दिवस टिकते" म्हणून बघणारे दोन्ही गावांत कमी नव्हते. मुलींवर केस झाली असती, तर अभ्यासक्रमही त्याच कागदाखाली गाडला गेला असता.

चौकशी ठरली इथे, अमरावतीला. मी रश्मीला घेऊन आलो. गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी वर्तमानपत्राचं एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होतो. त्या चौकशीच्या खोलीत मिस्बाह आणि रश्मी पहिल्यांदा एकमेकींना भेटल्या. पहिल्या भेटीला याहून वाईट जागा मला तरी माहीत नाही.

वामनरावांनी थेट विचारलं, "कोणी कोणाचं उतरवलं?"

"मी, सर," रश्मी म्हणाली.

"नाही सर, मी," मिस्बाह म्हणाली.

"एकीनं तरी नाही म्हणा बाप्पा! मी केस कोणावर लिवू?"

वामनराव माझ्याकडे पाहू लागले, मी छताकडे. मंजुषाताई मात्र नेहमीप्रमाणे थांबल्या. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मला तो बराच वाटला. आणि मग मिस्बाह बोलली.

"सर, मी तिचं उतरवलं नाही. मी माझं बदललं. ती तिकडं लॅबमध्ये एकटी होती, मदतीले कोणी नव्हतं. तिचा आकडा चुकला असं निघालं असतं, त तिले बोलणे बसले असते. मले वाटलं, माझा चुकला म्हणून लिवून टाकते. माझ्याजवळ सांगायले मॅडम होत्या."

"आन् तू?" वामनरावांनी रश्मीला विचारलं.

"सर, माती हिनं आणली. वावरात जाऊन, उन्हात, स्वतः खोदून. मी अकोल्यात बसल्या बसल्या म्हणू काय, का तुह्या मातीचा आकडा खोटा हाये?"

यावर मिस्बाह तिच्याकडे वळली. "मंग फोनवर 'बरं' काहून म्हणली?"

"तू काहून म्हणली?"

"तू एकोणीस म्हणली, त मी काय म्हणू?"

"मले विचारता नाही आलं? 'कसं केलं व' म्हणून?"

"तुले आलं काय?"

दोघींचे आवाज चढले. चौकशी समितीपुढे, वामनराव साहेबांपुढे, दोन मुली फोनवर न झालेलं भांडण भांडू लागल्या. मी उठून आवरायला जाणार, तेवढ्यात ताईंनी मला हाताने बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "राहू द्या सर. आता कुठं जोडी जमून राहिली."

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो त्या खोलीत कोणाच्याच डोक्यात नव्हता. सगळे विचारत होते, कोणी खोटं लिहिलं. ताईंनी विचारलं, "ते समजलं. पण माती एक, त आकडे दोन काहून?"

वामनराव म्हणाले, "मॅडम, इथं कॉपीची चौकशी चालू हाये. मातीची नाही."

"सर, मातीची झाल्याबगर कॉपीची कशी व्हईन? एकीचा आकडा खरंच चुकला असन, त दुसरीनं चूक झाकली. दोन्ही बरोबर असन, त..."

"त काय?"

"ते मलेबी माहीत नाही. म्हणून त म्हणते, निकाल लिवायची घाई काहून करून राहिले? थोडं थांबा."

वामनरावांनी मुदत दिली. साहेब, त्याबद्दल आज या व्यासपीठावरून आपले जाहीर आभार मानतो. नियमावर बोट ठेवून आपण त्याच दिवशी उठू शकला असता.

रश्मी मिस्बाहच्या वसतिगृहात राहिली. इथल्या प्रयोगशाळेत दोघींनी तोच प्रयोग पुन्हा लावला, प्रत्येकीने आपल्या हाताने, उरलेल्या मातीचा. दुसऱ्या दिवशी वाचायला गेलो. तोंडी परीक्षेचाच नियम ताईंनी इथेही लावला: हिचं तिने वाचायचं, तिचं हिने. मिस्बाहचं तेवीस. रश्मीचंही तेवीस.

रश्मीचा चेहरा पडला. "म्हणजे मॅडम, तिकडं मीच चुकली."

ताई म्हणाल्या, "चुकली म्हणून मोकळी होऊ नको. हात तुहाच, माती तेच. इथं तेवीस, तिथं एकोणीस. मंग बदललं काय, ते सांग मले."

रश्मी एकेक आठवू लागली. वजनाचा काटा तसाच. चाळणी त्याच नंबरची. केरोसीन दोन्हीकडे ठीक, कारण केरोसीनमधला आकडा दोघींचा सुरुवातीपासून जुळत होता. ताई नुसत्या मान हलवत होत्या.

"आन् पाणी?"

"पाणी म्हणजे..." रश्मी गोंधळली. "पाणीच, मॅडम."

"कुठलं?"

"आमचं ते शुद्ध पाण्याचं यंत्र बिघडलं होतं तवा. नळाचं घेतलं."

"नळाले कुठून येते?"

आता ताई माझ्याकडे बघत होत्या. मंडळी, अकोल्याच्या माणसाला खारपाण पट्टा समजावून सांगावा लागत नाही. आमच्या आवारातल्या बोअरचं पाणी बादलीच्या कडेला पांढरा थर धरतं. साबणाला फेस येत नाही. घरी आम्ही त्या पाण्याला रोज शिव्या देतो, पिण्याचं वेगळं आणतो, चहाचं वेगळं. पण हाच माणूस प्रयोगशाळेत शिरला, की त्याच्या लेखी पाणी म्हणजे पाणी! काटा कोणत्या कंपनीचा ते आम्ही लिहितो. पाण्याचं गाव कोण लिहितो?

ताई मला म्हणाल्या, "सर, उद्या येताना तुमचं पाणी घेऊन याजा."

मी रातोरात विद्वान झालो नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कॅनभर बोअरचं पाणी घेऊन गाडीत मात्र बसलो. समोरच्या बाकावरच्या बाईंनी कॅनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, अमरावतीत पाणी नाही काय?" मी म्हटलं, "आहे, पण ते गोड आहे." त्यांनी बडनेरा येईपर्यंत माझ्याशी एक शब्दही काढला नाही.

त्या पाण्यात, इथल्या प्रयोगशाळेत, मिस्बाहने माती टाकली. आणि आम्ही थांबलो. ज्यांनी हा प्रयोग केला आहे त्यांना माहीत आहे, यात घाई करता येत नाही. माती तिच्या वेळेने फुगते. दुसऱ्या दिवशी रश्मी वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली.

"एकोणीस," ती म्हणाली.

दोन्ही आकडे खरे होते. पाण्यात क्षार असले, की ते या मातीच्या कणांमध्ये पाण्याला पुरतं शिरू देत नाहीत. माती कमी फुगते. पुस्तकात हे लिहिलेलं आहे, मी ते शिकवलंही आहे. पण माझ्याच नळाखाली ते उभं आहे, हे मात्र त्या नळकांड्यापुढे उभं राहिल्यावर कळलं. आणि हा केवळ परीक्षेचा प्रश्न नाही. एखाद्या गावात पाया घालायचा, तर त्या गावच्या मातीसोबत त्या गावचं पाणीही तपासायला नको का? दोघी फोनवर नुसतं "कसं केलं व?" म्हणाल्या असत्या, तर हे त्यांना त्याच संध्याकाळी सापडलं असतं.

वामनरावांपुढे पुन्हा बसलो. साहेबांनी सगळं ऐकलं, दोन्ही नळकांडी स्वतः येऊन पाहिली आणि म्हणाले, "आकडे दोन्ही खरे. कागद दोन्ही खोटे. याले आपल्या नियमात काय म्हणते, ते मी शोधलं. सापडलं नाही."

निकाल असा झाला. कॉपीची केस नाही, कारण दुसऱ्याचं घेऊन कोणी आपला फायदा करून घेतला नव्हता. सत्र वाचलं. पण त्या एका प्रयोगाला दोघींना शून्य. मी मध्ये पडलो. म्हटलं, एवढं शोधून काढलं मुलींनी, निम्मे तरी गुण द्या. मला वाटलं होतं ताई माझ्या बाजूने बोलतील.

ताई म्हणाल्या, "नाही सर. खरा आकडा या दोघीयच्या हातात होता आन् यायनं तो फेकून देला. शून्यच बरोबर हाये."

मुलींनी मान डोलावली. रश्मीला निकाल वेळेवर मिळाला, नोकरीही मिळाली. मिस्बाह पुढे शिकली आणि आता माती तपासणीच्याच कामात आहे. आणि त्या शून्याचं काय झालं? पुढच्या वर्षापासून हाच प्रयोग दोन्ही ठिकाणी मुद्दाम दोन पाण्यांत लावला जाऊ लागला. अभ्यासक्रम बंद पडेल म्हणणारे आता आमच्या जोड्यांच्या याद्यांत आपापल्या पुतण्या-भाच्यांची नावं कशी बसतील, ते विचारायला येतात. इथल्या आणि आमच्या, दोन्ही प्रयोगशाळांच्या भिंतीवर ताईंच्या हातची एकेक पाटी आहे. त्यावर एकच शब्द आहे: "काहून?" तपासणीला आलेल्या एका बाहेरगावच्या समितीने ती पाटी प्रमाण मराठीत लिहिण्याची सूचना केली होती. ताईंनी त्यांना विचारलं, "काहून?" समितीने सूचना मागे घेतली.

शालूताई, चिठ्ठी मिळाली. संपवतोच. आता फडकं.

गेल्या आठवड्यात मिस्बाह आणि रश्मीने ठरवलं, की मॅडमना शाल-श्रीफळ सगळेच देतील, आपण वेगळं काही देऊ. मिस्बाह नांदगाव खंडेश्वरच्या त्याच वावरातून माती घेऊन आली. रश्मीने अकोल्याहून आमच्या त्याच बोअरचं पाणी आणलं. काल सकाळी दोघींनी इथल्या प्रयोगशाळेत नळकांडी लावली, एक इथल्या शुद्ध पाण्याचं, एक आमच्या पाण्याचं. माझी योजना फार नीटनेटकी होती. मी ही हकीकत सांगणार, फडकं उचलणार, एकात तेवीस, दुसऱ्यात एकोणीस, आपण टाळ्या वाजवणार, ताईंच्या डोळ्यांत पाणी, माझं भाषण यशस्वी.

आज सकाळी गाडीतून उतरून मी आधी प्रयोगशाळेत गेलो. शुद्ध पाण्याचं नळकांडं बरोबर तेवीसवर होतं. अकोल्याच्या पाण्याचं होतं पंचवीसवर.

होय, बरोबर ऐकलंत. खाऱ्या पाण्यातली माती कमी फुगायला हवी होती. ती जास्त फुगली आहे. मी मुलींना विचारलं, नळकांड्यांवरच्या चिठ्ठ्या उलट्या लागल्या का? रश्मीने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. मग, आता लपवून काय उपयोग, मी जरा इकडेतिकडे पाहून म्हटलं, "मुलींनो, नुसत्या भाषणापुरत्या या दोन चिठ्ठ्या अदलाबदल करून ठेवल्या तर? आकडे तेवीस-एकोणीस आहेत की पंचवीस-तेवीस, हे मागच्या रांगेतून कोणाला दिसणार आहे?"

मिस्बाह म्हणाली, "सर, आमाले एकदा शून्य भेटलं हाये. तुमाले पाह्यजे काय?"

म्हणून, अध्यक्ष महोदया, मी हे फडकं उचलतो आणि जसं आहे तसं आपणा सर्वांसमोर ठेवतो. हे शुद्ध पाणी, हे अकोला. आकडे आपापल्या जागी आहेत, चिठ्ठ्याही आपापल्या जागी आहेत. असं का झालं, ते मला माहीत नाही. मिस्बाहला माहीत नाही, रश्मीला माहीत नाही. त्या बोअरशेजारी मध्यंतरी पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा झाला, त्याचा काही संबंध असेल का? त्याने पाणी गोड झालं असलं, तरी आकडे फार तर सारखे यावेत. हा वर कसा गेला? पुस्तकात मी सकाळपासून शोधतो आहे. ताई, आमच्याकडून आपल्याला ही भेट. उत्तर असलेली भेट आणता आली नाही, याची...

ताई, आपण बसून घ्या ना. अजून सत्कार व्हायचा आहे. बरं, उभ्याने पाहा. शाल सांभाळा, नळकांड्याला लागेल.

काय म्हणालात? ध्वनिक्षेपकात येत नाही म्हणून मी सांगतो, त्या विचारत आहेत, "पाणी कवा काढलं? सकाळी का दुपारी? उपसा चालू होता काय?" रश्मी, तू तिथूनच उत्तर दे. हो, उभी राहा. मिस्बाह, तूही वर ये. नळकांडं तू लावलंस, पण वाचायचं रश्मीने, नियम विसरू नका. आणि बाटलीत थोडं पाणी उरलं आहे म्हणे, ते खाली प्रयोगशाळेत आहे.

अध्यक्ष महोदया, सत्कारमूर्ती व्यासपीठाच्या पायऱ्या उतरत आहेत, आणि वामनराव साहेबही उठले आहेत. श्रीफळ थोडं थांबेल. आपण मला बोलायची संधी दिलीत, या सभागृहाने शांतपणे ऐकून घेतलं, शालूताईंनी चिठ्ठीवर चिठ्ठी पाठवूनही रागाने पाहिलं नाही, त्याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करा. आकड्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर मात्र क्षमा करू नका. आम्ही सारे आता खाली प्रयोगशाळेतच आहोत. तिथे येऊन तोंडावर सांगा. नमस्कार.